रोआनोकची माणसं पत्ता ठेवून गेली होती

प्रश्न असा आला आहे: १५८७ साली अमेरिकेच्या किनाऱ्यावर उतरलेली शंभराहून जास्त इंग्रज माणसं, बायकामुलांसकट, रोआनोक बेटावरून एकाएकी नाहीशी झाली आणि मागे फक्त 'क्रोएटोअन' हा गूढ शब्द कोरलेला राहिला, असं ऐकलं आहे. त्यांचं काय झालं असावं? ओस पडलेल्या वस्त्या उकरणाऱ्या माणसाला यात काय दिसतं?

आधी या प्रश्नातले दोन शब्द बाजूला काढतो: 'एकाएकी' आणि 'गूढ'. या माणसांना त्यांच्या गव्हर्नरने, जॉन व्हाइटने, शेवटचं पाहिलं २७ ऑगस्ट १५८७ रोजी. तो पुन्हा त्या वस्तीवर पोचला १८ ऑगस्ट १५९० रोजी. मध्ये तीन वर्षं गेली. तीन वर्षांत माणसं घर बांधतात, मोडतात, गाव बदलतात, मरतात, लग्नं करतात. राहिला तो कोरलेला शब्द. क्रोएटोअन हे रोआनोकच्या दक्षिणेला साधारण ८० किलोमीटरवरच्या बेटाचं आणि तिथे राहणाऱ्या लोकांचं नाव होतं. आज त्या भागाला हॅटेरास म्हणतात. गव्हर्नरला हे नाव पाठ होतं, कारण इंग्रजांचा सगळ्यात जवळचा मित्र मँटिओ तिथलाच होता. तो शब्द वाचून गव्हर्नर घाबरला नाही, आनंदला. त्याने तसं लिहूनच ठेवलं आहे.

मी स्वतः रोआनोकला खोदलेलं नाही. माझी तीसेक वर्षं सह्याद्रीच्या दोन्ही अंगांना उठून गेलेल्या गावांची पाहणी आणि उत्खनन करण्यात गेली. पण नव्या विद्यार्थ्यांना मी दर वर्षी रोआनोक शिकवतो, कारण सोडलेली जागा कशी वाचावी आणि कशी वाचू नये, हे दोन्ही त्या एका प्रकरणात सापडतं.

आपल्या जुन्या मोडी कागदांत ओस गावांसाठी दोन नेमके शब्द येतात. गावात दिवा लागेनासा झाला की ते 'बेचिराख'. आणि तिथली रयत 'परागंदा'. परागंदा लिहिणाऱ्या कारकुनाला ठाऊक असायचं की माणसं हवेत विरत नाहीत. ती शेजारच्या परगण्यात गेलेली असतात, बायकोच्या माहेरी गेलेली असतात, डोंगरात गेलेली असतात. म्हणून तर त्यांना परत आणायला कौल, म्हणजे अभयाचं लेखी वचन, पाठवत, सारा पहिल्या वर्षी थोडा आणि पुढे चढता असा इस्तावा ठरवून देत. रोआनोकची माणसं परागंदा झाली, इतकंच. कौल घेऊन त्यांच्यापर्यंत कोणी पोचलं नाही. माझं सगळं उत्तर याभोवतीच फिरणार आहे.

आता त्या माणसांना तिथे जाऊन पडायची वेळ का आली, ते पाहू. मार्च १५८४ मध्ये राणी एलिझाबेथने आपला दरबारी वॉल्टर रॅली याला उत्तर अमेरिकेत वसाहत करण्याची सनद दिली. त्याच उन्हाळ्यात दोन जहाजं आजच्या नॉर्थ कॅरोलायनाचा किनारा बघून आली आणि येताना मँटिओ व वाँचीज अशा दोन तरुणांना सोबत लंडनला घेऊन आली. थॉमस हॅरियट नावाचा तरुण गणिती त्यांच्याकडून त्यांची अल्गोंकियन भाषा शिकला, ती लिहायला त्याने वेगळी लिपीही तयार केली. दोघे पुढच्या वर्षी परत गेले. मँटिओ अखेरपर्यंत इंग्रजांच्या बाजूने राहिला. वाँचीज घरी पोचताच त्यांच्यापासून दूर झाला. एकाच लंडनमध्ये दोघांनी काय वेगळं पाहिलं असेल, हा विचार मला नेहमी पडतो.

१५८५ ला जी पहिली तुकडी रोआनोकवर राहिली ती सगळी पुरुषांची, शंभराच्या थोडी वर, बहुतेक सैनिक. म्होरक्या राल्फ लेन. किनाऱ्यावर त्यांचं मोठं जहाज रेतीत रुतलं, धान्यात खारं पाणी शिरलं आणि शिधा नासला. म्हणजे पहिल्या दिवसापासून हे लोक स्थानिकांच्या मक्यावर अवलंबून. वस्ती बसण्याआधीच एका गावातून चांदीचा एक पेला चोरीला गेला, तर इंग्रजांनी ते गाव आणि शेतातला मका जाळून टाकला होता. वर रोगराई. हॅरियटनेच लिहिलं आहे की त्यांची माणसं ज्या ज्या गावात जाऊन येत, तिथे थोड्याच दिवसांत लोक पटापट मरू लागत. युरोपातले आजार त्यांच्या अंगाला नवे होते. रोआनोकचा सरदार विंगिना आधी पाहुणचार करत होता. माणसं मेली, कोठारं रिकामी झाली, तसा तो बदलला. १ जून १५८६ रोजी लेन बोलणीच्या निमित्ताने त्याच्याजवळ गेला, आणि लेनच्या माणसांनी त्याला मारून त्याचं डोकं कापलं. दहाएक दिवसांत फ्रान्सिस ड्रेकचं आरमार तिथून जात होतं, त्यात बसून लेनची माणसं इंग्लंडला निघून गेली. मागोमाग रसद घेऊन रिचर्ड ग्रेनव्हिल आला, त्याला वस्ती रिकामी दिसली, आणि त्याने जागा राखायला १५ माणसं ठेवली.

हे सगळं इतकं सांगितलं, कारण १५८७ ची कुटुंबं ज्या जमिनीवर उतरली तिथे हे कर्ज आधीच चढलेलं होतं, आणि ते त्यांनी काढलेलं नव्हतं.

तिसऱ्या खेपेला रॅलीने पद्धत बदलली. या वेळी सैनिकांऐवजी शेती करणारी, कारागीर, संसार असलेली माणसं निवडली. प्रमुख म्हणून जॉन व्हाइट, पेशाने चित्रकार. १५८५ च्या मोहिमेत त्याने तिथली माणसं, मासे, गावं यांची जलरंगातली चित्रं काढली होती. ती आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत आणि त्या लोकांकडे इतक्या आपुलकीने पाहणारा दुसरा इंग्रज त्या काळात मला दिसत नाही. सोबत त्याची गरोदर मुलगी एलेनॉर आणि जावई अनानियस डेअर, जो गवंडीकाम करायचा. सगळी मिळून ११५ च्या आसपास माणसं. जायचं ठरलं होतं रोआनोकला नव्हे, उत्तरेला चेसापीकच्या खाडीत, जिथे बंदर खोल होतं. रोआनोकला फक्त त्या १५ माणसांची विचारपूस करून पुढे निघायचं होतं. पण तांडेल सायमन फर्नांडिस याने मोसम सरत आल्याचं सांगून सगळ्यांना तिथेच उतरवलं. व्हाइट त्याला खलनायक ठरवतो. आपल्यापर्यंत फक्त व्हाइटची बाजू पोचली आहे, म्हणून मी तिथे निवाडा देत नाही.

तारीख होती २२ जुलै १५८७. पेरणीचा काळ गेलेला. १५ जणांपैकी एकाची हाडं मिळाली, बाकी कोणी नाही. जुन्या घरांत वेल माजले होते आणि हरणं ती फळं खात होती. सहाव्या दिवशी जॉर्ज हाउ नावाचा एक जण एकटाच पाण्यात खेकडे पकडत असताना मारला गेला, अंगात सोळा बाण. व्हाइटची माणसं मँटिओला घेऊन क्रोएटोअनला गेली. तिथल्या लोकांनी स्वागत केलं, पण आधी एक विनंती केली: आमचा मका घेऊ नका, आमच्याकडेच थोडा आहे. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागेल.

ऑगस्टमध्ये बदला म्हणून व्हाइटच्या माणसांनी समोरच्या किनाऱ्यावरच्या एका गावावर पहाटे हल्ला केला. शत्रू आधीच पळाले होते. तिथे उरलेला मका गोळा करायला आलेले मित्र क्रोएटोअनच अंधारात त्या हल्ल्यात सापडले. तरीही मँटिओने इंग्रजांना सोडलं नाही. १३ ऑगस्टला त्याला बाप्तिस्मा दिला गेला, १८ ऑगस्टला एलेनॉरला मुलगी झाली. तिचं नाव व्हर्जिनिया ठेवलं.

आणि मग वसाहतकऱ्यांनी गव्हर्नरलाच परत जायला लावलं. रसद आणायला माणूस हवा होता, आणि रॅलीशी बोलू शकेल असा तोच. व्हाइट तयार नव्हता. त्याने जी कारणं दिली त्यातलं एक वसाहतीचं भवितव्य उघड करतं: आपण इथून ५० मैल आत मुख्य भूमीवर हलायचं ठरवलं आहे, मी नसताना माझं सामान त्या हलवाहलवीत खराब होईल. वाचताना हे किरकिऱ्या म्हाताऱ्याचं रडगाणं वाटतं. पण पुरावा म्हणून पाहा. गव्हर्नर निघण्याआधीच ही वस्ती उठणार हे पक्कं ठरलेलं होतं. खुणाही ठरल्या होत्या. जिथे जाल त्या जागेचं नाव झाडावर किंवा दारावर कोरा, आणि जीव संकटात असेल तर नावावर क्रूस कोरा.

व्हाइट निघाला तो काही महिन्यांत परतायच्या बेताने. १५८८ ला स्पेनचं आरमार इंग्लंडवर चालून येणार म्हणून मोठी जहाजं अडवून ठेवली गेली. दोन छोटी जहाजं मिळाली, तर त्यांचे कप्तान वाटेत लूटमार करू लागले आणि उलट फ्रेंचांकडून लुटले गेले. व्हाइट जखमी होऊन परतला. त्याच उन्हाळ्यात स्पॅनिश टेहळणीच्या नावेला रोआनोकजवळ होड्या ओढून घ्यायचा उतार आणि पाण्यासाठी जमिनीत पुरलेली पिंपं दिसली. शेवटी १५९० ला खासगी लुटारू जहाजांवर त्याला एकट्याला जागा मिळाली, सोबत एक नोकर पोरगाही घेऊ दिला नाही. त्या कप्तानांना वेस्ट इंडिजमधली स्पॅनिश जहाजं हवी होती, रोआनोक वाटेत होतं इतकंच.

आता जागा वाचू. किनाऱ्यावरची लाटांची दांडी ओलांडताना एक होडी उलटून सात माणसं बुडाली. रात्री बेटाच्या उत्तर टोकाला आग दिसली, तर होडीतून त्यांनी कर्णा वाजवला, ओळखीची इंग्रजी गाणी म्हटली. उत्तर आलं नाही. सकाळी कळलं की गवत आणि कुजकी झाडं पेटली होती. चढावर एका झाडावर तीन रोमन अक्षरं: CRO, म्हणजे क्रो. पुढे मेढेकोट, मोठाल्या ओंडक्यांचा, बुरूज काढलेला, चांगला भक्कम. त्याच्या दाराजवळच्या खांबाची साल काढून, जमिनीपासून पाच फुटांवर, मोठ्या अक्षरांत क्रोएटोअन. क्रूस नाही.

आत घरं नव्हती. व्हाइट लिहितो की ती उतरवून नेली होती. मागे काय उरलं? लोखंडाच्या कांबी, शिशाच्या लगडी, काही जड तोफा आणि गोळे, सगळ्यावर तण. काय नव्हतं? होड्या नव्हत्या, छोटी जहाजी नाव नव्हती, हलक्या तोफा नव्हत्या. पुरलेल्या पाच पेट्या कोणीतरी उकरून फोडल्या होत्या, त्यातल्या तीन त्याच्याच. पुस्तकं फाटलेली, चित्रं आणि नकाशे पावसात कुजलेले, चिलखत गंजाने खाल्लेलं.

आपल्याकडे उन्हाळ्यात धरणाचं पाणी उतरलं की बुडीत गावांची पांढरी, म्हणजे घरांची जुनी जागा, उघडी पडते. अशा एका गावात मी विद्यार्थ्यांना घेऊन गेलो होतो. जोती जागच्या जागी, जात्याची तळी, फुटका रांजण, देवळाचा चौथरा. पण एक तुळई नाही, वासा नाही, चौकट नाही, कौल नाही. कारण उठताना लोकांनी घर उतरवून गाडीत घातलं. जड आणि कमी उपयोगाचं तेवढं राहिलं. याउलट हल्ल्यात किंवा आगीत गेलेल्या वस्तीत कोळसा झालेली तुळई सापडते, भांडी चुलीशी फुटून पडलेली असतात, कणगीतलं धान्य जागेवर जळालेलं असतं, आणि हाडं असतात. व्हाइटच्या वर्णनात यातलं काहीही नाही. रोआनोक हे उतरवून नेलेलं गाव आहे. पेट्या पुरून ठेवणारी माणसं परत यायचा किंवा कोणी येण्याचा विचार करत होती. भक्कम मेढेकोट सांगतो की निघण्याआधी त्यांना हल्ल्याची भीती होती. क्रूस नसणं सांगतं की निघताना त्यांच्या मते जीव धोक्यात नव्हता.

व्हाइटनेही असंच वाचलं आणि दुसऱ्या दिवशी क्रोएटोअनला जायचं ठरवलं. पण रात्रीतून हवा बिघडली. दोर तुटले, नांगर गेले, शेवटी एकच उरला. पाणी संपत आलं. जहाज आधी दक्षिणेला वळवलं, मग वाऱ्याने अझोर्स बेटांकडे नेलं, आणि २४ ऑक्टोबरला ते इंग्लंडच्या प्लिमथ बंदराला लागलं. नात तीन वर्षांची झाली त्याच तारखेला आजोबा तिच्या मोकळ्या अंगणात उभे होते, आणि तिच्यापासून बहुधा एका दिवसाच्या अंतरावरून परत फिरले. त्यानंतर व्हाइट कधीच जाऊ शकला नाही. १५९३ ला आयर्लंडहून त्याने लिहिलेलं पत्र हे त्याचं शेवटचं ज्ञात लिखाण. त्यात त्याने आपल्या माणसांना देवाच्या हवाली केलं आहे.

बाकी कोणी का गेलं नाही? रॅलीपाशी पैसा आटला होता, आणि त्याच्या सनदेचा दावाही वसाहतीवर उभा होता. माणसं मेली असं सिद्ध झालं तर हक्क संपला. न शोधलेली माणसं कागदावर जिवंत राहत होती. १६०२ ला त्याने एक जहाज पाठवलं, त्यांनी किनाऱ्यावर औषधी सासाफ्रासची साल गोळा केली आणि हवेचं कारण सांगून परत आले. पुढच्याच वर्षी रॅली लंडनच्या टॉवरमध्ये, तुरुंगात.

मग ती गेली कुठे? माझं मत असं की ती दोन किंवा जास्त ठिकाणी विभागली गेली. क्रोएटोअनच्या लोकांची मक्याबद्दलची विनंती आठवा. तो वाळूचा पट्टा शंभर नवी तोंडं पोसू शकत नव्हता. आणि त्यात दुष्काळ पडला. १९९८ मध्ये डेव्हिड स्टाहल आणि सहकाऱ्यांनी व्हर्जिनियातल्या दलदलीतल्या जुन्या सायप्रस झाडांच्या वाढीची वलयं मोजून प्रसिद्ध केली. ८०० वर्षांच्या नोंदीत १५८७ ते १५८९ हा सगळ्यात कोरडा तीन वर्षांचा काळ निघाला. या माणसांनी पाऊल ठेवलं तेच वर्ष, आणि पुढची दोन. आपल्याकडे दुष्काळात गाव एकत्र राहत नाही, भाऊ भावापासून वेगळा होऊन जिथे दाणा तिथे जातो. या लोकांनी वेगळं काही केलं असेल असं मला वाटत नाही. थोडे जण क्रोएटोअनला, समुद्राकडे नजर ठेवून व्हाइटची वाट बघायला. कोरलेला पत्ता या गटाचा. बाकीचे ठरल्याप्रमाणे ५० मैल आत, नदीकाठच्या सकस जमिनीकडे. डेव्हिड क्विन या मोठ्या इतिहासकाराने मोठा गट उत्तरेला चेसापीक लोकांकडे गेला असं मानलं. त्याचा अभ्यास मला वंदनीय आहे, तरी मी पश्चिमेकडे झुकतो, आणि त्याचं कारण एक नकाशा आहे.

व्हाइटच्या त्या किनाऱ्याच्या नकाशावर कागदाचे दोन छोटे तुकडे डकवलेले आहेत. दुरुस्ती करायची त्या काळची ती पद्धत. २०१२ मध्ये ब्रिटिश म्युझियममध्ये त्याला मागून प्रकाश दिला, तर एका तुकड्याखाली किल्ल्याची खूण दिसली, चांदणीच्या आकाराची. जागा अल्बेमार्ल खाडीच्या पश्चिम टोकाची, जिथे चोवान आणि रोआनोक या नद्या येऊन मिळतात. रोआनोक बेटापासून मुख्य भूमीत साधारण तेवढ्याच मैलांवर. फर्स्ट कॉलनी फाउंडेशनच्या मंडळींनी तिथे सॅमन क्रीकजवळ खोदलं. इंग्लंडच्या सरे आणि हॅम्पशर भागातल्या, हिरवट झिलईच्या मातीच्या भांड्यांचे तुकडे मिळाले, आणि पुढे जवळच दुसऱ्या जागी आणखी. जमून आलेलं प्रकरण एवढंच आहे: काही थोडी इंग्रज माणसं काही काळ तिथे राहिली असावीत. वस्ती नव्हे, बिऱ्हाड.

हॅटेरासवर उलट बाजूचा धडा आहे. १९९८ मध्ये तिथल्या केप क्रीकला डेव्हिड फेल्प्स यांच्या उत्खननात सिंहाची मुद्रा असलेली अंगठी सापडली. ती सोन्याची मानली गेली, १५८५ च्या तुकडीतल्या केंडल घराण्याशी जोडली गेली. वीसेक वर्षांनी तपासणी झाली तेव्हा ती पितळेची निघाली, आणि थर नंतरच्या शतकातला. विलायती वस्तू सापडली म्हणजे विलायती माणूस सापडला, असं नसतं. कोल्हापूरला ब्रह्मपुरीच्या टेकाडात पोसायडनची कांस्यमूर्ती मिळाली. म्हणून पंचगंगेकाठी रोमन कुटुंबं नांदत होती असं कोणी म्हणत नाही. वस्तू व्यापारात फिरतात, भेट जातात, लुटीत जातात, आणि बनवल्यावर शंभर वर्षांनी जमिनीत पडतात.

म्हणून हॅटेरासवरचं एक अलीकडचं काम मला जास्त बोलकं वाटतं. मार्क हॉर्टन आणि स्थानिक संशोधक स्कॉट डॉसन यांना तिथे ढिगाने सापडल्या त्या लोखंडाच्या बारीक खपल्या, तापलेल्या लोखंडावर घण पडला की उडतात त्या. कुठल्याही लोहाराच्या साळेत पायाखाली त्या असतात. ही कचऱ्याची वस्तू, ती विकत कोणी घेत नाही, भेट कोणी देत नाही. जिथे खपल्या तिथे भाता आणि घण चालवणारा माणूस. त्या लोकांत लोखंड घडवण्याची विद्या नव्हती. थराच्या कालनिर्णयावर वाद चालू आहे आणि तो व्हायलाच हवा. पण पुरावा या जातीचा हवा, अंगठीच्या जातीचा नको.

खुद्द रोआनोकवर काय? तिथे १९४० च्या दशकात हॅरिंग्टन यांनी मातीचा छोटा कोट उकरला, १९९० च्या दशकात नोएल ह्यूम यांना हॅरियट आणि प्रागचा ज्यू धातुतज्ज्ञ योआखिम गान्स यांच्या कार्यशाळेचे अवशेष मिळाले. म्हणजे १५८५ ची माणसं सापडली. १५८७ ची घरं अजून सापडलेली नाहीत. बेटाचा उत्तर किनारा या चार शतकांत खाडीने बराच खाल्ला आहे.

जेम्सटाउन या व्हर्जिनियातल्या पुढच्या इंग्रज वसाहतीच्या काळातल्या कागदांबद्दलही सांगायला हवं, कारण 'सगळे कापले गेले' ही समजूत तिथून येते. १६०७ नंतर तिथे राहणाऱ्या इंग्रजांना आतल्या भागात इंग्रजी कपडे घालणारी माणसं असल्याच्या बातम्या मिळत होत्या. विल्यम स्ट्रेचीने लिहिलं की वसाहतकरी वीसेक वर्षं स्थानिकांत मिसळून सुखाने राहिले, आणि जेम्सटाउनची जहाजं येण्याच्या सुमारास पावहाटन राजाने त्यांना मारलं. चार पुरुष, दोन मुलगे आणि एक तरुणी वाचली आणि एका सरदाराकडे तांबं ठोकण्याच्या कामाला होती. कत्तल झाली असेलही, निदान एका गटाची. पण स्ट्रेची ऐकीव लिहितो, आणि पावहाटनला खुनी ठरवणं त्या वेळी जेम्सटाउन वसवणाऱ्या कंपनीच्या सोयीचं होतं. शिवाय लोक एक गोष्ट विसरतात: कत्तलीची हीच हकिकत त्याआधीची वीस वर्षं सोबत राहिल्याचीही साक्ष देते.

१९३७ पासून निघालेल्या 'डेअर शिळा', चाळीसहून जास्त, एलेनॉरच्या नावाने कोरलेल्या, त्यांच्यावर वेळ घालवू नका. पहिल्या शिळेवर अजून वाद आहे, बाकीच्या बनावट निघाल्या. भुताखेतांचं तर बोलतच नाही.

'हरवलेली वसाहत' हे नाव लोकांच्या तोंडी बसलं ते १८३० च्या दशकापासून. ते दशक कुठलं? १८३० लाच अमेरिकेत मूळ रहिवाशांना त्यांच्या जमिनीवरून हटवण्याचा कायदा झाला होता. इंग्रज मुलगी क्रोएटोअन घरात वाढली, मका कुटत मोठी झाली, तिची मुलं त्याच लोकांची झाली, हे तेव्हाच्या गोऱ्या वाचकाला पचणारं नव्हतं. त्यापेक्षा ती धुक्यात विरली हे बरं होतं. हे माझं मत आहे आणि मी त्यावर ठाम आहे. कारण ज्यांच्याकडे उत्तर होतं त्यांनी ते दिलेलंच होतं. १७०१ च्या सुमारास जॉन लॉसन त्या मुलखात फिरला तेव्हा हॅटेरासच्या लोकांनी त्याला सांगितलं की आमचे काही पूर्वज गोरे होते आणि तुझ्यासारखे पुस्तकातून बोलत, म्हणजे वाचत. त्यांच्यात करडे डोळे बरेच दिसतात, अशी त्याने नोंद केली. करड्या डोळ्यांना दुसरीही कारणं असू शकतात. शंभरेक वर्षांत त्या किनाऱ्यावर बरीच जहाजं फुटली होती. पण पुस्तकातून बोलणारे पूर्वज ही आठवण मला खरी वाटते.

आता तुम्ही विचाराल, जनुकं तपासून निकाल का लावत नाहीत? तुलनेला ठेवायला १५८७ च्या माणसाचं निश्चित हाड किंवा पक्का वंशज हवा, तो नाही. त्यापेक्षा मला दातांकडून आशा आहे. कायमचे दात लहानपणी तयार होतात आणि तेव्हा प्यालेल्या पाण्याची, खाल्लेल्या धान्याची रासायनिक खूण इनॅमलमध्ये जन्मभर राहते. गव्हावर आणि बार्लीवर वाढलेला इंग्रज दात मक्यावर वाढलेल्या दातापासून वेगळा ओळखू येतो. हॅटेरासच्या किंवा चोवानकाठच्या एखाद्या दफनात, शेजाऱ्यांच्याच पद्धतीने पुरलेला, तसा एक जरी दात मिळाला, तरी अनानियससारख्या कोणाचा पत्ता लागेल. तिथल्या लोकांच्या वंशजांची परवानगी घेऊनच हे काम व्हावं, ही माझी अट.

व्हर्जिनियाच्या बाबतीत मात्र ही पद्धतही चालणार नाही. तिने पहिल्यापासून तिथलंच पाणी प्यायलं आणि तिथलाच मका खाल्ला. तिचे दात हाती आले तरी ते शेजारच्या घरातल्या क्रोएटोअन मुलीच्या दातांसारखेच दिसतील.